प्रमाणपत्र जोडलं म्हणजे अर्ज झाला असं नाही: दिव्यांग विद्यार्थ्यांना कॉलेजात सोयी कशा मिळवून द्यायच्या

सत्र परीक्षेला दोन-तीन दिवस उरले की आमच्या स्टाफरूमच्या दाराशी दरवर्षी कुणीतरी पालक येऊन उभे राहतात. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं दिव्यांग प्रमाणपत्र, शेजारी मुलगा किंवा मुलगी, आणि मागणी एकच, “सर, रायटर द्या.” रायटर म्हणजे लेखनिक, विद्यार्थी सांगेल ते परीक्षेत लिहून देणारा. पारोळ्याकडचे एक बाबा मला म्हणाले होते, “पोऱ्याले दिखत नई, पन आइकीसन समदं ध्यानमा ठेवस.” ते खरंच होतं. पोरगा हुशार होता. पण त्याने जूनपासून कुठेही अर्ज दिलेला नव्हता. नोट्स त्याला कधी वाचता आल्या नव्हत्या, आणि लेखनिक म्हणून सोबत आणलेला चुलतभाऊ त्याच्याच वर्गात शिकत होता, म्हणून नियमात बसत नव्हता. दोन दिवसांत यातलं काहीच धड होईना.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांमध्ये मी हीच चूक पुन्हा पुन्हा पाहिली आहे. सगळं लक्ष परीक्षेकडे असतं, वर्गाकडे कुणी बघत नाही, आणि प्रमाणपत्रालाच अर्ज समजलं जातं. प्रमाणपत्रावर अपंगत्वाचा प्रकार आणि टक्के असतात. तुम्हाला काय लागतं ते त्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. ते तुम्हालाच लिहून द्यावं लागतं, आणि क्रमाने द्यावं लागतं.

## १. आधी गरज लिहून काढा

हे काम प्रवेशाच्या आधी घरी बसून करायचं. एक वही घ्या आणि कॉलेजचा एक पूर्ण दिवस डोळ्यांसमोर आणा: एसटीतून उतरल्यापासून पुन्हा एसटीत बसेपर्यंत. फाटकातून वर्गापर्यंत कसं जाणार? पायऱ्या किती? फळ्यावरचं दिसतं का, आणि कुठल्या बाकावरून? सर फळ्याकडे तोंड करून बोलले तर कळतं का? एका तासात किती पानं लिहून होतात? स्वच्छतागृह वापरता येतं का? प्रयोगशाळेतल्या ओट्याची उंची किती?

प्रत्येक अडचणीसमोर कोणी, काय आणि कधी करायचं ते लिहा. “मला कमी दिसतं, सहकार्य करावे” यातून शिक्षकाला काहीच कळत नाही. “पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवावे. फळ्यावर लिहिलेलं शिक्षकांनी तोंडाने वाचून दाखवावे. तास संपल्यावर फळ्याचा फोटो काढू द्यावा.” यावर शिक्षक त्याच दिवशी अंमल करू शकतो.

एकाच प्रकारच्या अपंगत्वात गरजा वेगळ्या असतात, म्हणून दुसऱ्याचा अर्ज उतरवून काढू नका. भुसावळकडच्या एका विद्यार्थिनीला श्रवणयंत्र होतं, तरी पहिल्या बाकावर बसवूनही तिला काही कळत नव्हतं. शेवटी मी स्वतः तिच्या जागेवर जाऊन बसलो. डोक्यावरचा जुना पंखा खडखडत होता. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण सरांचा आवाज आणि पंख्याचा आवाज दोन्ही सारखेच मोठे होतात. तिला भिंतीकडच्या, पंख्यापासून लांबच्या बाकावर हलवलं आणि निम्मी अडचण तिथेच सुटली. आपल्याकडे मार्चपासून पंखे आणि कूलर बंद करता येत नाहीत, म्हणून जागा ठरवताना वर बघा.

तपासा: यादीतल्या प्रत्येक ओळीत क्रियापद आहे का? “सहकार्य”, “सवलत”, “मदत” एवढंच लिहिलं असेल तर ती ओळ पुन्हा लिहा.

## २. कागद तयार करा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. अंधत्व, श्रवणदोष आणि हातापायाचं अपंगत्व तर आहेच, शिवाय अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक आजारही आहेत. सातपुड्याच्या पट्ट्यात, म्हणजे धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा या भागांत सिकलसेलची मुलं पुष्कळ आहेत. आपण या कायद्यात येतो हे त्यांच्यातल्या अनेकांना माहीतच नसतं. रिपोर्टवर ‘एसएस’ असेल तर तो आजार आहे, प्रमाणपत्रासाठी तपासणी करून घ्या. ‘एएस’ म्हणजे वाहक, स्वतःला आजार नाही पण मुलांकडे जाऊ शकतो. त्यावर दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) यांसाठी स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज होतो. मग तपासणीला शासकीय रुग्णालयात जावं लागतं. तपासणी करणारं डॉक्टरांचं बोर्ड ठरावीक वारीच बसतं आणि प्रत्येक वेळी सगळ्या विषयांचे तज्ज्ञ हजर असतीलच असं नाही. मोलगीहून किंवा धडगावहून नंदुरबारला यायचं तर अख्खा दिवस जातो. निघण्याआधी फोन करून आपल्या प्रकारचे डॉक्टर त्या दिवशी आहेत का ते विचारा. बारावीचा निकाल लागण्याची वाट पाहू नका, परीक्षा संपली की लगेच निघा.

नावाचं स्पेलिंग आधार, बारावीची गुणपत्रिका आणि यूडीआयडी या तिन्हींवर एकसारखं आहे का ते इथेच पाहून घ्या. बापाच्या नावातल्या एका अक्षरावरून परीक्षा विभागाने अर्ज परत केलेला मी पाहिला आहे, तोही ऐन परीक्षेच्या आठवड्यात. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदत वाचा. मुदत परीक्षेच्या आधी संपत असेल तर नूतनीकरणाला आत्ताच लागा. अध्ययन अक्षमतेच्या मुलांनी दहावी-बारावीला मिळालेल्या सवलतीच्या पत्रावर विसंबू नये. केंद्राच्या मूल्यमापनाच्या नियमांत १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी सांगितली आहे, तेव्हा कॉलेजात येतानाच ती करून घ्यावी.

लेखनिक हवा असेल तर आणखी एक कागद लागू शकतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अंधत्व, दोन्ही हातांचं अपंगत्व आणि सेरेब्रल पाल्सी या तीन गटांत ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असेल तर मागितल्यावर लेखनिक द्यायचा असे. बाकी प्रकारांत “लिहिण्याला शारीरिक मर्यादा आहे आणि लेखनिक आवश्यक आहे” असं जिल्हा शल्यचिकित्सक किंवा शासकीय रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक यांचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. या सूचना केंद्राने २०२५ मध्ये बदलल्या आहेत, तेव्हा चालू नियम आणि नमुना आधी विचारून घ्या. प्रमाणपत्रासाठी रुग्णालयात जाल त्याच फेरीत हेही मागून घ्या. पुन्हा फेरी नको.

४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर? आरक्षण मिळत नाही, पण सोय मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही असं सांगितलं. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येत. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला केंद्राने ४० टक्क्यांखालच्या आणि लिहायला अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. त्यातलं प्रमाणपत्र शल्यचिकित्सकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडून घ्यावं लागे. “टक्के कमी आहेत, काही होणार नाही” असं खिडकीवरच्या माणसाने सांगितलं तरी परत फिरू नका. हा संदर्भ अर्जात लिहा.

## ३. पहिल्या पंधरवड्यात प्राचार्यांना लेखी अर्ज

तोंडी सांगितलेलं शिक्षक विसरतात. वाईट हेतू नसतो, एका वर्गात शंभर-सव्वाशे मुलं असतात. लेखी अर्ज मात्र फायलीत राहतो. कायद्याच्या कलम १६ आणि १७ मध्ये सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त अशा सगळ्याच शिक्षणसंस्थांची जबाबदारी सांगितली आहे. विनाअनुदानित कॉलेज आहे म्हणून सुटका होत नाही. कलम १७ मध्ये परीक्षेतला जादा वेळ आणि लेखनिक यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

अर्ज एका पानाचा ठेवा. तो असा लिहिता येईल:

> प्रति, मा. प्राचार्य,
> विषय: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ कलम १६ व १७ नुसार वर्गातील व परीक्षेतील सोयींबाबत.
>
> महोदय, मी प्रथम वर्ष कला या वर्गात शिकत आहे. मला अल्पदृष्टी आहे. प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्डाची प्रत जोडली आहे. मला पुढील सोयींची गरज आहे.
>
> वर्गात: पहिल्या बाकावर कायम जागा, फळ्यावरील मजकूर वाचून दाखवणे, नोट्स युनिकोडमधील फाइलच्या रूपात तासाच्या आधी मिळणे.
> अंतर्गत चाचणीत: २० अक्षर-आकारातील प्रश्नपत्रिका व तासाला २० मिनिटे जादा वेळ.
> विद्यापीठ परीक्षेत: वरीलप्रमाणे जादा वेळ, तळमजल्यावर बैठक, पुरेसा उजेड.
>
> कृपया या सोयी कोणत्या तारखेपासून मिळतील व त्यासाठी कोणाला भेटावे हे लेखी कळवावे. माझ्या विषयशिक्षकांना याची प्रत द्यावी, ही विनंती.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. “ठेवून जा, सरांना दाखवतो” असं कुणी म्हटलं तर नम्रपणे सांगा, “भाऊ, पोच द्या, तेवढीच घेऊन जातो.” आवक क्रमांक नसलेला अर्ज दोन महिन्यांनी सापडत नाही.

कॉलेजात समान संधी कक्ष किंवा दिव्यांग कक्ष असेल तर एक प्रत तिथेही द्या. कार्यालयात कुणाला ठाऊक नसेल तर नॅकचं (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचं) काम पाहणाऱ्या प्राध्यापकांना विचारा. रॅम्प, स्वच्छतागृह, लेखनिक, वाचनासाठी मानवी मदत, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) या सोयींची माहिती कॉलेज नॅकला देत असतं, त्यामुळे कागदावर तरी या कामाला जबाबदार माणूस असतो. त्याच माणसाला गाठायचं.

सावधान: वैद्यकीय रिपोर्टचा सगळा गठ्ठा अर्जाला जोडू नका. शिक्षकांकडे जाणाऱ्या प्रतीत फक्त सोयी असाव्यात, निदान नको. मानसिक आजाराच्या बाबतीत तर हे फार सांभाळा, कागद टेबलावरून टेबलावर फिरतो.

## ४. वेळापत्रक बसायच्या आत खोली बदलून घ्या

ज्यांना जिने चढता येत नाहीत त्यांच्यासाठी हा टप्पा सगळ्यात निकडीचा आहे, आणि सगळ्यात जास्त चुकतोही. पालक लिफ्टची मागणी करतात, कॉलेज “निधी नाही” म्हणतं आणि वर्ष संपतं. लिफ्टची मागणी जरूर करा, पण आजची मागणी वेगळी ठेवा: त्या तुकडीचे तास तळमजल्यावरच्या खोलीत घ्या. याला एक रुपया लागत नाही, वेळापत्रक करणाऱ्या प्राध्यापकांचा अर्धा तास लागतो. मात्र वेळापत्रक एकदा फळ्यावर लागलं की दहा शिक्षकांच्या सोयी त्यात अडकतात आणि मग कुणी हलत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांना भेटा.

रॅम्प आहे असं सांगितलं तरी जाऊन बघा, टेप घेऊन बघा. एक फूट चढायला निदान बारा फूट लांबीचा उतार हवा. दोन पायऱ्यांवर चार फुटांची फरशी टाकलेली असते, तिला रॅम्प म्हणतात, पण व्हीलचेअर तिच्यावरून मागे उलटते. स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची आत जाते का, आणि आत गेल्यावर दार लागतं का? कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे? अमळनेर भागातली एक मुलगी कॉलेजच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नसे. कारण किल्ली ज्या शिपाईमामांकडे होती ते अकराला यायचे आणि तिचा तास साडेसातला असायचा. तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. किल्लीची दुसरी प्रत करून तिच्याकडे दिली, खर्च तीस रुपये.

सिकलसेलच्या मुलांची वर्गातली मागणी साधी असते: पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या, उन्हात उभं करू नका, कवायत किंवा धावण्याची सक्ती नको. शरीरातलं पाणी कमी झालं, थंडी वाजली किंवा अतिश्रम झाले तर असह्य दुखणं उठतं. यांची खरी अडचण हजेरीची. महिन्यातून चार दिवस दवाखान्यात गेले की हजेरी घसरते आणि परीक्षेचा फॉर्म अडतो. दवाखान्याचा प्रत्येक कागद त्याच आठवड्यात छोट्या अर्जासोबत कार्यालयात द्या. वर्षाअखेरीला एकदम गठ्ठा देऊ नका.

## ५. विषयशिक्षकांना एकेकट्याने भेटा

प्राचार्यांची सही झाली तरी सोय वर्गातच व्हायची असते. प्रत्येक शिक्षकाला पाच मिनिटं भेटा, तास सुरू असताना किंवा वर्गासमोर नव्हे. अर्जाची पोच दाखवा आणि त्या विषयापुरत्या दोनच गोष्टी मागा. भूगोलाच्या मॅडमना नकाशांचं विचारा. गणिताच्या सरांना “हे इकडून तिकडे घेतलं” ऐवजी तोंडाने समीकरण म्हणायला सांगा. पालकांनी सोबत यावं, पण बोलू द्यावं मुलालाच. पुढची तीन वर्षं त्यालाच बोलायचं आहे.

कमी ऐकू येणाऱ्यांसाठी: शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, विषय बदलला की फळ्यावर एक शब्द लिहावा, दुसऱ्या मुलाने विचारलेला प्रश्न स्वतः पुन्हा म्हणावा. बोललेलं अक्षरांत दाखवणारी मोफत ॲप फोनवर आहेत. खानदेशी बोलीची लकब असेल तर ती चुकतात, पण दुवा सापडतो. फोन सरांच्या टेबलावर ठेवायची परवानगी लागेल, ती अर्जातच मागून ठेवा.

### नोट्स: इथेच बहुतेक गाडी अडते

दृष्टिहीन विद्यार्थ्याला “पीडीएफ दिली आहे” असं सांगून शिक्षक मोकळे होतात. ती पीडीएफ म्हणजे बहुधा वहीच्या पानांचे फोटो असतात. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर किंवा फोनमधला टॉकबॅक फोटोतली अक्षरं आपोआप नीट वाचत नाही. दुसरा गोंधळ फॉन्टचा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल आपल्याला मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात. एका विद्यार्थ्याने मला त्याच्या फोनवर मराठी वाङ्मयाच्या नोट्स ऐकवल्या. तीन मिनिटं नुसते “एस, स्लॅश, सेमीकोलन” चाललं होतं. त्याच्या सरांना वाटत होतं, आपण याला सगळं दिलं आहे. त्यांनी ऐकलं आणि त्याच आठवड्यात सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्राला मराठी म्हणूनच वाचता येतील अशा अक्षरांत, उतरवून घेतलं.

म्हणून मागणी नेमकी करा: युनिकोडमधली वर्ड फाइल. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं इंटरनेटवर मोफत आहेत. फाइल आली की त्याच दिवशी उघडून ऐका, परीक्षेच्या आदल्या रात्री नव्हे.

पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाचं सभासदत्व घ्या. छापील वाचू न शकणाऱ्यांसाठी ते २०१६ पासून सुरू आहे. प्रकाशकाची परवानगी नाही म्हणून पुस्तक स्कॅन करायला ग्रंथपाल नकार देत असतील तर त्यांना प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याचं कलम ५२ दाखवा. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तींसाठी वाचता येईल अशी प्रत करायला त्यात मुभा दिली आहे.

अल्पदृष्टीच्या मुलांना झेरॉक्सवाल्याकडून मोठं करून आणलेलं पान देऊ नका. अक्षर मोठं होतं, पण कडा फाटतात आणि शाई फिकी येते. मूळ फाइल घेऊन अक्षराचा आकार वाढवून प्रिंट काढा.

तपासा, पहिला महिना संपताना: यादीतल्या किती सोयी सुरू झाल्या? ज्या झाल्या नाहीत त्यांचा उल्लेख करून, आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक घालून दुसरा अर्ज द्या.

## ६. अंतर्गत चाचणीपासूनच सोय वापरा

“विद्यापीठाच्या परीक्षेत बघू” असं म्हणून अंतर्गत चाचण्या कशाबशा देणारे विद्यार्थी दोनदा गमावतात. अंतर्गत गुण गळतात, आणि आपल्याला लेखनिकासोबत काम करता येतं का हे कधी कळतच नाही. चाचणीत, प्रात्यक्षिकात आणि तोंडी परीक्षेत तीच सोय मागा. जादा वेळेचा हिशेब तासाला किमान २० मिनिटं: ४५ मिनिटांच्या चाचणीला १५, दोन तासांच्या पेपरला ४०, तीन तासांच्या पेपरला ६०. ४० टक्के आणि त्यावरच्या ज्या विद्यार्थ्यांना लेखनिक लागत नाही, त्यांनाही हा वेळ मागता येतो. बऱ्याच परीक्षा केंद्रांवर हेच माहीत नसतं.

बोलण्यात अडखळणाऱ्या किंवा ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा लेखी प्रश्नांवर घ्यावी असा अर्ज आधी करा. आकृती, आलेख, नकाशे असलेल्या प्रश्नांऐवजी दृष्टिहीनांना पर्यायी प्रश्न देण्याचं केंद्राच्या सूचनांत आहे. पण प्रश्नपत्रिका महिनाभर आधी निघते, म्हणून ही मागणी परीक्षा फॉर्मसोबतच जायला हवी.

## ७. विद्यापीठ परीक्षा: फॉर्मच्या दिवशीच लेखनिकाचा अर्ज

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परीक्षेचा फॉर्म ऑनलाइन भरताना दिव्यांग असल्याची नोंद करा आणि प्रिंट काढून ती नोंद खरंच उमटली आहे का पाहा. त्याच दिवशी कॉलेजच्या परीक्षा विभागात लेखनिक आणि जादा वेळेचा अर्ज द्या. नियम आणि नमुने बदलत असतात, तेव्हा गेल्या वर्षीच्या मित्राचा कागद वापरू नका. चालू परिपत्रकाची प्रत परीक्षा विभागातून मागून घ्या.

लेखनिकाच्या बाबतीत तीन चुका सतत होतात.

पहिली, शिक्षण. आपला लेखनिक आपण आणत असाल तर त्याचं शिक्षण आपल्यापेक्षा निदान एक पायरी खाली असावं असं २०१८ च्या सूचनांत होतं; आता किती खाली हवं ते चालू परिपत्रकात पाहा. दुसऱ्या वर्षाच्या मुलासाठी पहिल्या वर्षाचा किंवा बारावीचा विद्यार्थी पाहा. त्याचं ओळखपत्र, बोनाफाइड आणि हमीपत्र लागतं.

दुसरी, एकाच लेखनिकावर अवलंबून राहणं. त्याचीही परीक्षा असते, घरी लग्न निघतं, कापूस वेचणीला हात कमी पडतात. दोन नावं मंजूर करून ठेवा. वेगवेगळ्या विषयांना, विशेषतः भाषांना, वेगळा लेखनिक घेता येतो. एका विषयाला मात्र एकच. इंग्रजीच्या पेपरला ज्याचं इंग्रजी स्पेलिंग कच्चं आहे असा भाऊ बसवला की तुमचे गुण जातात.

तिसरी चूक सगळ्यात मोठी: सराव न करणं. सांगणं आणि लिहिणं ही दोघांची मिळून एक कला आहे. निदान तीन जुने पेपर घड्याळ लावून सोडवा. आधी लेखनिकाने पूर्ण प्रश्नपत्रिका वाचायची, मग विद्यार्थ्याने क्रम ठरवायचा. सांगताना वाक्य लहान ठेवायचं, “नवा परिच्छेद”, “खाली रेघ” हे मोठ्याने म्हणायचं. लेखनिकाने स्वतःची भर घालायची नाही आणि गाळायचंही नाही. दर दोन पानांनी शेवटच्या चार ओळी वाचून दाखवायच्या. लेखनिक कॉलेज देणार असेल तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याची भेट मिळायला हवी. ती अर्जातच मागा.

तपासा: वेळापत्रक लागलं की एकाच दिवशी दोन पेपर आहेत का पाहा. पहिला ११ ते २ असेल तर तुमचा ३ ला संपेल. दुसरा ३ ला सुरू होत असेल तर लेखी कळवून मधली विश्रांती मागा. दुपारच्या सत्राचा पेपर जादा वेळेनंतर सहाला सुटत असेल आणि गावची शेवटची एसटी साडेपाचला असेल, तर मुक्कामाची सोय आधी करा. गाडी चुकेल या भीतीने जादा वेळ सोडून उठलेली मुलं मी पाहिली आहेत.

## ८. परीक्षा केंद्र: आदला दिवस

मंजुरी मिळते आपल्या कॉलेजात आणि पेपर असतो दुसऱ्या कॉलेजात. माझ्याच हातून एकदा ही चूक झाली. मंजुरीचं पत्र आमच्या फायलीत होतं, केंद्रावर कुणालाच माहीत नव्हतं. मुलीचा पाऊण तास कागद जुळवण्यात गेला. तो तिला परत मिळाला नाही, आणि त्या पेपरला ती चार गुणांनी राहिली. पुढच्या सत्रात ती पास झाली, पण तिचे ते सहा महिने मला आजही टोचतात.

तेव्हापासून मी आदल्या दिवशी केंद्रावर जातो किंवा विद्यार्थ्याला पाठवतो. हॉल तिकीट, मंजुरी पत्र, यूडीआयडी, लेखनिकाची कागदपत्रं, सगळ्यांच्या तीन-तीन प्रती. केंद्रप्रमुखांना भेटून खोली बघायची: तळमजल्यावर आहे का, उजेड आहे का, पंखा चालतो का. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि लेखनिक घेतलेला विद्यार्थी एकटाच असतो म्हणून त्याला स्टोअररूम दिली जाते. ती खोली आदल्या दिवशी बदलता येते, पेपरच्या दिवशी नाही.

मंजुरी पत्रावर “जादा वेळ मंजूर” एवढंच असेल तर केंद्रप्रमुखांकडून घड्याळाची वेळ लिहून घ्या: ११ ते ३. हे फार महत्त्वाचं आहे. दोनची घंटा झाली की शिपाई उत्तरपत्रिका गोळा करायला येतात. त्यांना वेगळी वेळ माहीत नसते आणि खोलीतले पर्यवेक्षकही घाईत असतात. कागदावर तीन वाजता असं लिहिलं असेल तर वाद होत नाही. त्या तासासाठी पर्यवेक्षक कोण थांबणार हेही विचारून ठेवा.

पेपरच्या दिवशी निदान एक तास आधी पोहोचा. वेळ सुरू झाल्याची नोंद घ्या. सोय नाकारली तर भांडत बसून वेळ घालवू नका: पेपर लिहा आणि केंद्र सोडण्याआधी घडलेलं दोन ओळींत लिहून केंद्रप्रमुखांची पोच घ्या. पोच दिली नाही तर तेच विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला त्याच दिवशी ईमेल करा.

## ९. नकार आला तर कुठे जायचं

आधी नकार लेखी मागा. “सर नाही म्हणाले” यावर पुढे कुठेच जाता येत नाही. प्राचार्यांनंतर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात अशी समिती असावी लागते आणि तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. त्याही पलीकडे पुण्याचं दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे. टपालाने तक्रार पाठवता येते, गावाहून पुण्याला जाण्याची गरज नाही.

तक्रारीला काय जोडणार? आवक क्रमांक असलेले अर्ज, तारखांची यादी आणि लेखी नकार. सुरुवातीपासून पोच घेत गेलात तर फाइल तयारच असते. एका साध्या फोल्डरमध्ये तारखेच्या क्रमाने लावा, आणि प्रत्येक कागदाचा फोटो घरातल्या आणखी एका फोनमध्ये ठेवा. नवं सत्र सुरू झालं की याच फाइलमधला पहिला अर्ज काढा, सोयी पुन्हा तपासा, जी आता लागत नाही ती खोडा, नवी घाला, आणि पहिल्या आठवड्यात पुन्हा द्या. गेल्या सत्राची मंजुरी आपोआप पुढे चालते असं समजू नका.